कॉलेजची उचल

(लोणखेडा इथं विद्यार्थी-युवकांसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. आकडे तेवढे नंतर नीट लावून घेतले.)

 

मला विषय दिलाय 'उच्च शिक्षणाचा वाढता खर्च आणि पर्याय'. ज्यानं दिला त्यानं तो पेपरातून उचललेला दिसतो. खर्च वाढलाय हे मी लोणखेड्याला येऊन सांगायचं? इथं ज्याच्या खिशात परीक्षेच्या फॉर्मची पावती आहे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि 'पर्याय' या शब्दावर माझा पहिल्यापासून संशय आहे. पैसेवाल्याच्या पोराला कोणी पर्याय विचारत नाही. तो सरळ कॉलेजात जातो. पर्याय नेहमी आपल्याला विचारतात. गव्हाऐवजी काय खाल, डॉक्टरऐवजी कोणाकडं जाल, कॉलेजऐवजी काय कराल. तरीपण बोलतो, कारण काही पर्याय आपल्या माणसांनी आपल्या घामानं उभे केलेत, आणि काही आपल्या गळ्यात बांधले जातायत. हे दोन वेगळे ओळखता आले पाहिजेत.

आधी एक शब्द समजावून सांगतो. तुम्हाला गरज नाही, पण हे छापून येईल, मुंबई-पुण्याची पोरं वाचतील. उचल. दिवाळीच्या सुमाराला मुकादम गावात येतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्यामागं तो आगाऊ पैसे देतो. त्या पैशात घरचं लग्न होतं, दवाखाना होतो, छपराचे पत्रे होतात. मग ती जोडी पोरंबाळं घेऊन बारडोलीकडं, सुरतेकडं ऊस तोडायला जाते आणि उचल फिटेपर्यंत तोडत राहते. फिटली नाही तर पुढच्या साली परत. म्हणजे तुमचं पुढचं अंग आज विकलेलं. माझा काका असा गेला. तिकडंच म्हातारा झाला.

आता बँकेचं शिक्षणकर्ज बघा. स्कीममध्ये लिहिलंय की ४ लाखांपर्यंत तारण नको. ऐकायला बरं वाटतं. पण पोरगं अजून पहिल्या वर्षाला आहे, नोकरीचा पत्ता नाही, आणि त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या पगारावर आजच बोजा. मुकादमाऐवजी मॅनेजर आहे, कोयत्याऐवजी डिग्री आहे. बाकी फरक मला दाखवा. एक फरक आहे म्हणा. कोयत्याला काम नक्की असतं. डिग्रीला तेही नाही.

माझं सांगतो. माझा बाप याच शहादा तालुक्यात सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर पाटलाच्या शेतात बांधलेला गडी. १९७१ ला पाटीलवाडीला भुकेल्या आदिवासींवर गोळ्या चालल्या, १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंतींचं नाव घराघरात गेलं, तेव्हा मी अजून शाळेतही नव्हतो. पण बाप सांगायचा की त्या साली पहिल्यांदा सालदारानं मालकाशी मान वर करून मजुरीची गोष्ट केली. त्या वाढलेल्या मजुरीतून माझी पाटी आली. आमच्या घरातलं शिक्षण कोणा दानशूरानं दिलेलं नाही, ते मोर्च्यातून आलं. हे मुद्दाम सांगतो.

मॅट्रिक झालो. माय अहिराणीत एवढंच बोलली, "शिक ना भाऊ, पन पैसा कथाईन आनसूत?" एका कॉलेजात नाव घातलं, कुठलं ते सोडा. परीक्षेचा फॉर्म ऑक्टोबरात, स्कॉलरशिप मार्चात. मधले पाच महिने मी क्लार्कच्या खिडकीपुढं उभा. तो मला नावानं हाक मारत नव्हता, "ए स्कॉलरशिप" म्हणायचा. मायनं शेळी विकली. शेळी गेली, फॉर्म भरला, आणि स्कॉलरशिप आली तोवर दुसऱ्या वर्षाचा फॉर्म दारात. तुम्ही म्हणाल ही जुनी गोष्ट झाली, आता सगळं ऑनलाइन आहे. थांबा. ऑनलाइनवर येतोच.

त्याआधी एका माणसाला उत्तर द्यायचंय. शहरात एक शहाणा वर्ग आहे. तो म्हणतो, सरकारनं उच्च शिक्षणावर पैसा का उधळावा? कॉलेजात जातात वरची माणसं, कर भरतो गरीब. सरकारनं प्राथमिक शाळा बघावी, कॉलेजवाल्यांनी आपापली फी भरावी. आणि वर महात्मा फुल्यांचं नाव घेतो! १९ ऑक्टोबर १८८२ ला जोतिरावांनी हंटर कमिशनपुढं जबानी दिली. त्यात त्यांनी सांगितलं हे खरं की तिजोरी भरते शेतकऱ्याच्या कष्टातून आणि तिचा शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या जातींच्या घरात. पहिला हक्क प्राथमिक शाळेचा, तीही सक्तीची. बरोबर. पण हे शहाणे जबानीचं तेवढंच पान वाचतात. त्याच जबानीत जोतिरावांनी सरकारनं कॉलेजांतून अंग काढून घेण्याला विरोध केलाय. सरकार हटलं तर शिक्षणाचा प्रसार थांबेल, हे त्यांना दिसत होतं. स्कॉलरशिपा कोणाला मिळाव्यात तेही त्यांनी सांगितलं.

आणि काळ बघा ना. १८८२ ला कॉलेजच्या वर्गात आपलं कोण होतं? कोणी नव्हतं. तेव्हा त्या वर्गाचा खर्च सगळी तिजोरी उचलत होती आणि कोणाच्या पोटात दुखत नव्हतं. शंभर वर्षं फुकटात, स्वस्तात शिकून एक सबंध वर्ग वकील झाला, मामलेदार झाला, प्रोफेसर झाला, संपादक झाला. मग आमची पहिली पिढी पायात चप्पल नसताना दारापर्यंत पोचली आणि नेमकं तेव्हाच यांना आठवलं की शिक्षण फुकट नसावं, फुकटाची किंमत राहात नाही. साला, तुमच्या आज्याला ती किंमत कशी कळली होती?

बाबासाहेबांनी मार्च १९२७ ला मुंबईच्या कायदेमंडळात हाच हिशोब मांडला. आर्ट्स कॉलेजांच्या खर्चातला ३६ टक्के पैसा फीमधून येतोय, हायस्कुलांचा ३१ टक्के, मिडल स्कुलांचा २६ टक्के. हा शिक्षणाचा धंदा झाला, असं त्यांनी सरकारला तोंडावर सुनावलं. खालच्या वर्गासाठी शिक्षण होईल तेवढं स्वस्त करा, ही मागणी त्याच भाषणातली. ३६ टक्क्यांना ते धंदा म्हणाले! आज विनाअनुदानित कॉलेजात खर्चाचे किती टक्के फीतून येतात? सगळेच. आणि वर नफा. मग ह्याला कोणता शब्द वापरायचा ते तुम्ही शोधा.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या शिक्षणाचा खर्चही जरा बघू. आपण फोटोला हार घालतो, हिशोब बघत नाही. १९१३ ला सयाजीरावांची स्कॉलरशिप, महिन्याला साडेअकरा पौंड. पण त्याबदली बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करीन असा करार लिहून दिलेला. परत आले, नोकरीला बडोद्याला गेले, आणि त्या एवढ्या शिकलेल्या माणसाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन हाकललं. १९२० ला पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५,००० रुपये, एवढ्यावर. एका माणसाच्या शिक्षणाला एक राजा, दुसरा राजा आणि एक पारशी मित्र लागला. म्हणून पुढं व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बसल्यावर त्यांनी राजांवर आणि मित्रांवर भिस्त ठेवली नाही. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपा केंद्र सरकारच्या खर्चात घालायला लावल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. स्वातंत्र्याच्या आधीची. कोणी पक्ष येऊन म्हणाला की ही आम्ही दिली, तर त्याला हे साल सांगा.

आता धंदा कसा उभा राहिला ते. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी महाराष्ट्रातली पोरं पैसे घेऊन कर्नाटकात जायची, तो पैसा इथंच राहावा, असं कारण सांगितलं. जमीन सरकारची, पैसा कारखान्याचा, आणि ट्रस्टी घरातले. काल साखर, आज शिक्षण. एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर खोटं होईल. तालुक्यात कॉलेज आलं. लोणखेड्याचंच घ्या. गोमाईच्या पुलापलीकडचं हे गाव, आणि आज पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या आवारात शाळेपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळं आहे. माझ्या वेळी इथल्या कॉलेजचा कागद पुणे विद्यापीठात जायचा. जळगावला विद्यापीठ झालं १९९० ला. जवळ कॉलेज आलं म्हणून मुली शिकल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा कॉलेज निघाल्याचा राग मला नाही. ते सरकारनं का काढलं नाही, आणि त्याच्या दाराला आमच्या ऐपतीचं कुलूप का, हा राग आहे.

देणग्यांची बोंब झाली तेव्हा १९८७ ला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला. कायदा आजही आहे. देणग्या गेल्या का? हसू नका, इथं रेकॉर्डिंग चालूय.

कोर्टाचंही वाचून ठेवा, कारण तिथली भाषा हळूहळू कशी बदलली ते कळण्यासारखं आहे. १९९२ ला मोहिनी जैन नावाच्या मुलीकडं कर्नाटकातल्या मेडिकल कॉलेजनं वर्षाला ६०,००० मागितले. सुप्रीम कोर्ट म्हणालं, शिक्षण हा हक्क आहे, असे पैसे घेता येणार नाहीत. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात हक्काला कात्री लागली, चौदा वर्षांपर्यंतच मूलभूत, पुढं सरकारच्या ऐपतीप्रमाणं. पण निम्म्या जागा तरी स्वस्त ठेवल्या. २००२ ला टी. एम. ए. पै निकालानं तेही काढलं. शिक्षणसंस्था चालवणं हा व्यवसाय करण्याच्या हक्कात बसवला. २००५ ला इनामदार निकाल: विनाअनुदानित कॉलेजात सरकारला आरक्षण लादता येणार नाही. त्यावर घटनादुरुस्ती करावी लागली, ९३ वी, ती २००६ ला लागू झाली. तेरा-चौदा वर्षांत शिकणाऱ्याचा हक्क बाजूला गेला आणि शिकवणाऱ्याचा धंद्याचा हक्क पुढं आला. आपण त्या काळात काय करत होतो? नामांतर लढत होतो. ते लढायलाच हवं होतं, त्याबद्दल शब्द मागं घेणार नाही. पण विद्यापीठाच्या कमानीवर नाव चढलं १९९४ ला, आणि कमानीखालून आत जायची फी त्याच वर्षांत वाढत गेली, तिकडं आपलं लक्ष कमी पडलं. हे मी आपल्या चळवळीला, म्हणजे मलाच, विचारतोय.

आता ऑनलाइन.

माझी पुतणी आहे. इंजिनिअरिंगला आहे, घरातली पहिली. ती इथं बसलीय, नाव घेत नाही. केंद्रीय प्रवेश फेरीतून तिला एका खाजगी कॉलेजात जागा मिळाली. फी वर्षाला ९६,००० रुपये. आम्ही म्हटलं, स्कॉलरशिप आहे, भ्यायचं काय? २०२० च्या डिसेंबरात केंद्रानं ही योजना नव्यानं बांधली: पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी, त्यातला ६० टक्के केंद्राचा, बाकी राज्याचा. चांगलं झालं, त्याआधी केंद्रानं जवळजवळ सगळा भार राज्यांवर ढकलला होता. पण नवे नियम आले त्यात केंद्राचा हिस्सा सरळ विद्यार्थ्याच्या खात्यात. तिनं तो काढून सात दिवसांत कॉलेजात भरायचा.

कागदावर किती सुंदर! कॉलेजनं मधे खाऊ नये म्हणून. आणि खाल्लेले आहेत, २०१० नंतर या राज्यात शिष्यवृत्तीचे घोटाळे निघाले, बोगस विद्यार्थी दाखवून पैसे उचलले, ते विसरलो नाही. म्हणून सरळ खात्यात. पण खातं कोणाचं? ज्या घरात सालभर पाच आकडी रक्कम एकदम दिसत नाही त्या घराचं. तिच्या खात्यात पैसे पडले तो आठवडा तिचा बाप, माझा धाकटा भाऊ, दवाखान्यात होता. त्यातले २०,००० दवाखान्याला गेले. पुढच्या महिन्यात भरू म्हणाले. मी कल्याणहून फोनवर भावावर ओरडलो. शिकलेल्या माणसासारखा ओरडलो. पोरीचा पैसा खाल्ला म्हणालो. तो काही बोलला नाही. नंतर रात्रभर मला झोप नाही, कारण मायनं शेळी विकून माझा फॉर्म भरला होता आणि याच भावाची त्या साली शाळा सुटली होती. त्याची शाळा मी खाल्ली होती, तेव्हा कोण ओरडलं?

आता कॉलेज म्हणतं, बाकी भरा, नाहीतर मूळ कागद मिळणार नाहीत. राज्याचा हिस्सा अजून आलेला नाही, तोही ते तिच्याच नावावर बाकी दाखवतात. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत असं यूजीसीनं २०१८ ला लेखी काढलंय. ते पत्र मी छापून नेलं. क्लार्कनं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हे बरोबर आहे, पण सिस्टिम उघडत नाही." चाळीस वर्षांनी 'ए स्कॉलरशिप'चं 'साहेब' झालं, एवढीच काय ती प्रगती.

दोस्तहो, आता उसाची गोष्ट ऐका. शेतकरी कारखान्याला ऊस घालतो. १९६६ चा केंद्राचा ऊस नियंत्रण आदेश आहे. चौदा दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज द्यायचं. पाळतात का हा वेगळा विषय, त्यासाठी शेतकरी रस्त्यावर बसतात. पण कायद्यात आहे, म्हणून बसता येतं. पोरगं कॉलेजात घातलं तर त्याची स्कॉलरशिप किती दिवसांत यावी? उशीर झाला तर व्याज किती? कुठंच लिहिलेलं नाही. उशीर सरकारचा, दंड कॉलेजचा, भरायचा विद्यार्थ्यानं! माझी पहिली मागणी एवढीच साधी आहे: उसाला लावता तो नियम पोराला लावा. ठरलेल्या दिवसात हप्ता, नाही आला तर व्याजासकट, आणि तोवर त्याच्या नावावर बाकी दाखवायची नाही. यात क्रांतीची भाषा नाही म्हणून कोणाला ही मागणी फिकी वाटेल. वाटू द्या.

आणि रक्कम बघा. बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या हॉस्टेलवरच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला २०२१ च्या दरानं वर्षाला ६,००० रुपये. महिन्याला ५००. घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला ३,०००. दिवसाला आठ रुपये. शहादा ते धडगाव एसटीचं तिकीट काढून दाखवा यात. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, २०१३ ला ठरली, २०२१ ला नियम नवे झाले तरी तीच. दोन माणसं रोजंदारीवर गेली तरी कागदावर मर्यादेच्या आसपास जातात. स्वाधार योजना आली २०१६-१७ ला, आदिवासींसाठी स्वयम्, तेव्हा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. ही योजना खरंच कामाची आहे, आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याला वर्ष संपल्यावर पैसे मिळतात. घरमालक वर्ष संपेपर्यंत थांबतो का? २०१८ ला आदिवासी हॉस्टेलांतली खानावळ बंद करून खात्यात पैसे देण्याचा घाट घातला तेव्हा पोरं पुण्याहून नाशिककडं चालत निघाली होती. त्यांना पैसे नको होते, ताट पाहिजे होतं. ते किती शहाणपणाचं होतं हे माझ्या भावाच्या खात्यावरून मला आता कळलं.

बरं, पर्याय.

'कमवा आणि शिका' लगेच पुढं करतात. कर्मवीर भाऊरावांपुढं मी डोकं टेकवतो. १९१९ ला रयत काढली, बोर्डिंगात महार, मांग, मराठा एका पंगतीत बसवले, पोरांनी स्वतः दगड फोडून इमारती उभ्या केल्या, १९४७ ला साताऱ्यात कॉलेज काढलं. पण त्यात कमाई संस्थेत, विद्यार्थ्याच्या ताब्यात, आणि शिक्षण त्याला बांधलेलं. आजचं 'कमवा आणि शिका' म्हणजे कॉलेजच्या बागेला पाणी घालणं आणि ऑफिसातल्या फायली पुसणं, तासाचे चार पैसे. आमचं पोरगं जन्मापासून कमवतंच आहे. त्याला कमवायला शिकवू नका. त्याला दोन वर्षं न कमवता बसून वाचता येईल एवढं करा. ती चैन आमच्या सात पिढ्यांत कोणाला मिळालेली नाही.

दुसरं, कौशल्य. सगळ्यांनी डिग्रीच्या मागं लागू नये, हाताला काम शिकावं. हातानं काम करणाऱ्याला मी कमी लेखत नाही, बाप माझा सालदार. पण हे कोण कोणाला सांगतोय? १९५३ ला मद्रासला राजाजींनी योजना काढली, पोरांनी अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस बापाचा धंदा शिकावा. न्हाव्याचं पोर वस्तरा, चांभाराचं पोर आरी. पेरियारांनी रान उठवलं, १९५४ ला कामराजांनी ती मोडीत काढली. आयटीआयला जायचं तर आपल्या मनानं जा, जात बघून कोणी पाठवतोय का ते बघा.

मुक्त विद्यापीठ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण, १९८९ चं. याबद्दल मी चांगलं बोलणार. माझी बायको चूल-पोरं सांभाळून तिथून बी.ए. झाली. नोकरीवाल्याला, बाळंतिणीला, मधेच शाळा सुटलेल्याला तो दरवाजा आहे. पण अठरा वर्षांच्या पोराला वर्ग पाहिजे, वाचनालय पाहिजे, भांडायला दोस्त पाहिजेत. तुम्ही आम्ही पँथरमध्ये कुठून आलो? हॉस्टेलांतून आलो. वडाळ्याच्या, औरंगाबादच्या. पुस्तकं घरपोच येतील, हॉस्टेल कसं येणार? गरिबानं मोबाइलवर शिकावं आणि श्रीमंतानं आवारात, ही नवी वेशीबाहेरची वस्ती आहे.

मला जो पर्याय खरा वाटतो तो जुनाच आहे. बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. वर्ग सकाळी भरवले, कारण पोरं दिवसा नोकरी करणार. म्हणजे कॉलेजनं आपलं घड्याळ विद्यार्थ्याच्या पोटाला लावलं. मी स्वतः असाच सकाळी वर्गात आणि दुपारनंतर गोडाऊनवर, असा ग्रॅज्युएट झालो, मग पोस्टात लागलो. आणि त्याच्याही आधी, १९२५ ला, बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापूरला बोर्डिंग काढलं होतं. वर्ष झालं नव्हतं सभा निघून. पैसा नव्हता, इमारत नव्हती. पहिल्यांदा काढलं काय? राहायची आणि जेवायची जागा.

म्हणून मुंबई-पुण्याच्या वाचकांनो, हे तुमच्यासाठी. तुमच्यातल्या पुष्कळांची घरं आता कॉलनीत आहेत. दोन बेडरूम, हॉल, हॉलमध्ये बाबासाहेब. चांगलं आहे, बाबासाहेबांना हेच पाहिजे होतं. पण जयंतीच्या डीजेला वर्गणी काढता ती एका वर्षी काढू नका आणि एक खोली भाड्यानं घ्या. सहा पोरं राहतील. तुमच्या सोसायटीच्या विहाराचा हॉल रात्री नऊनंतर रिकामा असतो, तो अभ्यासाला उघडा. यानं उच्च शिक्षणाचा प्रश्न सुटणार नाही, मला कोणी मूर्ख समजू नका. जे काम सरकारचं आहे ते वर्गणीतून होत नसतं, आणि वर्गणीनं भागतंय असं दिसलं तर सरकार खुशाल झोपेल. पण लढाई लढायला पोरगं कॉलेजात टिकलं तर पाहिजे! दक्षिण आफ्रिकेत २०१५ ला फीवाढीविरुद्ध काळी पोरं विद्यापीठातून रस्त्यावर उतरली, सरकारला पुढच्या वर्षाची वाढ शून्यावर आणावी लागली. चिलीत २०११ ला पोरं उठली, २०१६ पासून तिथं गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांना फी माफ झाली. जर्मनीतल्या राज्यांनी लावलेली फी २०१४ पर्यंत सगळीकडं काढून टाकली. इथंच २०१८ ला मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या आपल्या पोरांनी शिष्यवृत्तीधारकांची फीमाफी काढली म्हणून संप केला. ही सगळी वर्गात बसलेली पोरं होती. वर्गाबाहेर फेकलेला एकटा पडतो. २०१६ च्या जानेवारीत हैदराबादला रोहित वेमुला एकटा पडला. फेलोशिप बंद, हॉस्टेल बंद. त्याच्यावर मी जास्त बोलत नाही, मला बोलता येत नाही.

मुलींसाठी २०२४ ला राज्यानं व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या मागास आणि आर्थिक दुर्बल घरांना. खाजगी आणि अभिमत विद्यापीठं त्यातून वगळली. म्हणजे सरकारला करता येतं! कालपर्यंत पैसा नाही म्हणत होते. मग कॉलेजांनी काय केलं? इतर फी, विकास फी, लॅब, युनिफॉर्म, प्लेसमेंट. माफीच्या पावतीवर बिनमाफीच्या पाच ओळी. म्हणून आपली दुसरी मागणी: फी ठरवणाऱ्या प्राधिकरणानं ठरवलेला आकडा कॉलेजच्या गेटवर मराठीत, मोठ्या अक्षरात लावा. त्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला तर पावती मागा. पावती देत नसतील तर समजून घ्या कायदा कुठला मोडला, १९८७ चा.

वेळ झालाय. शेवटची बस आहे, प्रकाशाकडची पोरं आधी उठा, लाजू नका.

मागून एक वही फिरतेय. त्यात भाषण कसं वाटलं ते लिहायचं नाही. नाव, कोर्स, कितव्या वर्षाला, कुठला हप्ता किती महिने थांबलाय, आणि कॉलेजनं कुठला कागद अडकवलाय, एवढंच लिहा. भिल्ल, पावरा, बौद्ध, मातंग, सगळे एकाच वहीत, वेगळ्या वह्या केल्या तर मी फाडीन. पुढच्या सोमवारी आपण ती घेऊन नंदुरबारला समाजकल्याणच्या आणि आदिवासी विकासच्या, दोन्ही ऑफिसांत जातोय. माझी पुतणी पहिलं नाव लिहितेय. तिचा बापही येणार म्हणतोय, दवाखान्याच्या पावत्या घेऊन. मी त्याला म्हटलं, पावत्या कशाला? तो म्हणाला, "तिथं दाखवायच्यात, वीस हजार कुठं गेले ते."